पाणसळ

पुस्तकांची जुनी मांडणी आम्ही विकून टाकली
तर तिच्यामागे भिंत निघाली.
साडेतीन मीटर, पिस्त्याच्या रंगाची,
मांडणी होती तेवढाच भाग गडद,
बाकीची उन्हाने विटलेली.
उर्मास म्हणाला, राहू दे की अशीच.
मी म्हटलं, घर आहे हे, दवाखाना नव्हे.

मग कात्री आली, रद्दी आली.
प्रत्येक फ्रेमच्या मापाचा एकेक कागद कापला,
वर पेन्सिलीने नाव घातलं,
चिकटपट्टीने भिंतीवर डकवला.
आई, बटाट्याच्या शेतात.
काट्री, पहिलीतली, पुढचे दात नसलेली.
जहाज (कुणाचं, आठवत नाही).
उर्मासचा मासा.

मासा मधोमध नको, मी म्हटलं.
सात किलोचा होता, तो म्हणाला,
जणू मी वजनावरच हरकत घेतली होती.

पहिल्या दिवशी सगळे एका ओळीत,
पासपोर्टच्या रांगेत उभे असल्यासारखे.
दुसऱ्या दिवशी जिना केला,
तो कुठेच पोचेना.
तिसऱ्या दिवशी सासूबाई दाराच्या वर गेल्या.
उर्मास काही बोलला नाही,
स्टुलावर चढून त्यांना खाली घेतलं
आणि लावलं डोळ्यांच्या उंचीवर,
त्याच्या, माझ्या नव्हे.

एक कागद जास्तीचा कापला गेला होता.
बिननावाचा.
तो कुठेही ठेवला तरी शोभायचा.

तार्तूत ऑक्टोबर लागला की रेडिएटर सुरू होतात.
रात्री भिंत तापायची, चिकटपट्टी सुटायची,
अंधारात कुणीतरी सरसरत जमिनीवर यायचं.
झोपेतच आम्ही ओळखायचा प्रयत्न करायचो:
आई असेल. छे, एवढा आवाज, मासाच.

शनिवारी उर्मासने ड्रिल काढला.
ही आन्नेलिनची भिंत, कारखान्यात ओतलेलं काँक्रीट,
खिळ्याला दाद देत नाही.
पहिलंच भोक पाडलं, धुरळा बसतोय तोच
दारावर थाप.
शेजारच्या वाल्वेबाई, लोकरी सपाता, हातात फ्रेम.
तुमच्या हादऱ्याने माझा एंडेल पडला, म्हणाल्या,
काच वाचली, पण खिळा सैल झालाय.

एकोणीस वर्षं लिफ्टमध्ये नमस्कार करत होतो.
घरात पाऊल त्या दिवशी पहिलं.
तीच भिंत, उलट बाजूने.
सबंध भिंतीवर एकच खिळा,
आणि त्याखाली फिकट चौकोन.
एंडेल म्हणजे कानटोपी घातलेला माणूस,
मांडीवर अकॉर्डियन, वाजवायच्या आधीचा क्षण.
आमच्या विश्वकोशाच्या बाराव्या खंडामागे
हा माणूस पाठीला पाठ लावून बसला होता.
भिंतीला कान असतात म्हणतात.
पाठ असते, हे कुणी सांगितलं नव्हतं.

उर्मासने खिळा घट्ट केला, फ्रेम टांगली,
खिशातून पाणसळ काढून वर ठेवली.
बुडबुडा मधे येईपर्यंत
तो श्वास धरून होता.
वाल्वेबाईंनी बोटाने फ्रेम ढकलली, डावीकडे, थोडीशी.
एक खांदा उतरता होता त्याचा, म्हणाल्या,
सरळ लावला की तो वाकडा दिसतो.

परत आलो. पावलांनी मोजलं,
खिडकीपासून किती, कोपऱ्यापासून किती.
मग पेन्सिलीने एक फुली केली
आणि तिच्याभोवती हातभर जागा सोडून
सगळी मापं नव्याने घेतली.
त्याच्या डोक्यामागे भोक नको,
एवढंच ठरलं, तेही न बोलता.

काट्री खिडकीकडे गेली, जहाज हॉलबाहेर.
सासूबाई जिथल्या तिथे.
मासा शेवटी मधोमध लागला;
कसा, ते विचारू नका.

फुलीवर तो बिननावाचा कागद आहे.
फ्रेम कधी आणणार, काट्री फोनवर विचारते.
बघू, आम्ही म्हणतो.
रात्री तो सुटतो.
सकाळी जो आधी उठेल तो लावतो,
डावीकडे, थोडासा.